ॲस्पर्गर ओळखायचा कसा

माझ्या धाकट्या भावाला ॲस्पर्गर, म्हणजे लोकांशी वागण्या-बोलण्यात अडचण येणारा ऑटिझमचा एक प्रकार, आहे हे कळलं तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. तोवर घरात ‘एककल्ली’ आणि ऑफिसात ‘उद्धट’ म्हणून त्याची ओळख पक्की झाली होती. तुमच्या जवळ असं कोणी असेल तर स्वभावावर शिक्का मारण्याआधी काही गोष्टी नीट बघा.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: न बोललेलं त्याला कळतं का? समोरचा घड्याळाकडे बघतोय, नुसतं ‘हं, हं’ करतोय, हे दिसलं की आपण बोलणं आवरतं घेतो. भाऊ रेल्वेच्या सिग्नलांबद्दल सांगतच राहतो. पण ‘मला आता निघायचंय’ असं सरळ म्हटलं की लगेच थांबतो, रागावतही नाही. ज्याला दुसऱ्याची पर्वाच नसते, तो सांगूनही थांबत नाही. लाजाळूपणाशीही गल्लत करू नका. लाजाळू माणसाची भीड घरच्यांत मोडते. इथे घरच्यांचेही इशारे निसटतात.

शब्दांचा अर्थ अगदी शब्दशः घेणं ही आणखी एक खूण. ‘भेटू कधीतरी’ म्हटलं की भाऊ तारीख विचारतो. बेत ऐनवेळी बदलला की बिथरतो, आणि कॉलरचं लेबल टोचलं तर त्याला दुसरं काही सुचत नाही. यातलं एखादं तर कोणातही सापडेल. लहानपणापासून, घरी-बाहेर, हे सगळं एकत्र दिसतंय का, ते महत्त्वाचं.

नजर मिळवत नाही एवढ्यावरून मात्र ठरवू नका. बरेच जण, विशेषतः मुली, इतरांचं बघून हसणं, मान डोलावणं शिकून घेतात. चारचौघांत काही जाणवत नाही. त्या घरी परतल्यावर बघा: दार लावून अंधारात पडून राहणं, कोणाशी बोलणंही नकोसं होणं.

व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर या डॉक्टरांनी 1944 मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हे नाव वेगळं राहिलेलं नाही, त्यामुळे रिपोर्टवर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ दिसलं तर गोंधळू नका.

बोलताना आडवळण नको. ‘पंखा बंद कर’ म्हणा, ‘गारठलं ना?’ नको. बदल आधी सांगा. नजर मिळवायचा आग्रह धरू नका. भाऊ म्हणतो, डोळ्यांत बघितलं की शब्द ऐकू येत नाहीत. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने 2012 मध्ये मांडलं, की ही न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. मला ते शंभर टक्के पटतं. आम्हीही त्याला कुठे समजून घेतलं होतं?

रक्त तपासून किंवा स्कॅन काढून निदान होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलतात, लहानपणाबद्दल खोदून विचारतात. म्हणून लहानपण पाहिलेलं कोणीतरी सोबत न्या, आणि जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर तीही.