आठवडी बाजारात घरचा स्टॉल लावताय? या चुका टाळा

२०१६ साली राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि शेतकरी आठवडी बाजारांना जोर आला. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत कितीतरी शेतकरी कुटुंबं टेबल-छत्री टाकून थेट विकू लागली. आडत (दलालाचं कमिशन) वाचते, भाव आपण लावतो, रोख हातात येते. तरीही काही घरं थोड्याच दिवसांत पुन्हा बाजार समितीच्या यार्डाची (घाऊक बाजाराची) वाट धरतात. कारण बहुतेकदा एकच: विकायची जागा बदलली, पण पिकवायची सवय यार्डाचीच राहिली.

सगळं एकदम पेरणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. यार्डासाठी अर्धा एकर मेथी एका दिवशी टाकणं बरोबर आहे, कारण टेम्पो भरायचा असतो आणि शेकड्यानं भाव मिळाला की काम संपलं. स्टॉलवरच्या गिऱ्हाइकाला मात्र दर रविवारी एक-दोनच जुड्या हव्या असतात, सोबत कोथिंबीर, भेंडी, दुधी, मिरची. एका रविवारी मेथीचा ढीग आणि पुढचे तीन रविवार मेथीच नाही, असं झालं की ते शेजारच्या टेबलाकडे वळतं.

मेथी साधारण महिनाभरात काढणीला येते, कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत. तेव्हा बाजाराच्या दिवसापासून उलटं मोजा आणि दर आठवड्याला एक-दोन वाफेच पेरा. पालक कापला की पुन्हा फुटतो, त्यामुळे त्याची चिंता कमी. भेंडीला मात्र दिवसाआड तोडा लागतो. एक तोडा चुकला तरी ती जून होते. शनिवारचा तोडा बाजाराला नेणार असाल, तर मधल्या तोड्यांचं काय करायचं (गावातली खानावळ, तालुक्याचा भाजीवाला) हे आधीच ठरवलेलं हवं. काय विकलं, काय उरलं याची वही घरात जो ठेवतो, पेरणीच्या वेळी त्याचंच ऐकावं. हे घरच्या कारभाऱ्याला पटत नाही, ती गोष्ट वेगळी.

अकरा वाजताच पालेभाजी मान टाकते

दोष सहसा आदल्या दिवशीच्या काढणीचा असतो. भर दुपारी उपटलेली मेथी शेतातली उष्णता घेऊनच ताडपत्रीखाली जाते आणि रात्रभर आतल्या आत तापते. काढणी संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे करा, जुड्या सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. धुतलात तर पाणी पूर्ण निथळू द्या. ओली जुडी दाबून भरली की आतून सडते. पोत्यात कोंबण्यापेक्षा क्रेट बरा.

काकडी पिवळी पडत असेल तर तिच्या शेजारी काय ठेवलंय ते बघा. पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतो, त्यानं काकडी लवकर पिवळी पडते आणि पालाही. दोन्ही वेगळ्या क्रेटमध्ये, शक्यतो लांब.

भाव यार्डाकडे बघून लावणं

तुमची तुलना त्या वस्तीतल्या किरकोळ भावाशी आहे. डिझेल, पिशव्या आणि घरच्या दोन माणसांचा दिवस धरूनच दर काढा. घरच्यांची मजुरी न धरणं हा तर आपल्याकडचा जुना रोग आहे. शेवटच्या तासात दर पाडायची सवयही लावू नका. गिऱ्हाईक हुशार असतं, पुढच्या वेळी त्याच तासाला येतं.

‘सेंद्रिय’ची पाटी

शेणखत टाकलं म्हणून माल सेंद्रिय होत नाही. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम आहेत आणि प्रमाणीकरणाचे दोन मार्ग: एनपीओपी (बाहेरच्या संस्थेकडून तपासणी) आणि पीजीएस-इंडिया (गटाची आपसातली हमी). पीजीएसमध्ये शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करतो, म्हणून छोट्यांना ते परवडतं. तोवर खरं तेच सांगा: काय फवारलं, कधी फवारलं. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी लिहिलेला असतो. तो पाळता हे गिऱ्हाइकाला सांगण्यात कमीपणा नाही.

काटा ठरलेल्या मुदतीत पडताळून शिक्का मारून घ्या. लोणचं-पापड ठेवणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या उद्योगाला वर्षाला १०० रुपयांत ती मिळते.

टेबल भरायला यार्डातून माल आणणं

मे महिन्यात शेतात माल कमी असतो, तेव्हा हा मोह होतोच. पण फ्लॉवरच्या ढिगावर ‘आमच्या शेतातला’ म्हणून सांगितलंत आणि कुणी एखाद्या रविवारी शेत बघायला आलं, तर पंचाईत. भावकीतला किंवा शेजारच्या गावातला माल जरूर ठेवा, फक्त त्या क्रेटवर त्या गावाचं नाव खडूनं लिहा.