सिकलसेलचं हिमोग्लोबिन पोट्ट्यांना चित्रातून कसं शिकवायचं

बीएस्सीला प्रोटीन स्ट्रक्चर आलं की पोट्टे पाठ करतात, प्रायमरी सेकंडरी टर्शरी, सगळ्या व्याख्या तोंडपाठ, पण डोळ्यासमोर काहीच नसतं. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिन बिघडून रक्तपेशी विळ्यासारखी होणारा आनुवंशिक आजार, हा शब्द पोरांनी घरी नाहीतर गावात ऐकलेलाच असतो, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

आधी मणी आणा, बाजारात पाकीट मिळतं. हिमोग्लोबिन हे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन, दोन अल्फा न दोन बीटा साखळ्यांचं. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिड, म्हणजे प्रोटीनचे मणी, असतात पण तेवढे ओवत बसू नका, पहिले दहा पुरे. एका माळेत सहावा मणी लाल, म्हणजे ग्लुटामिक ॲसिड, निगेटिव्ह चार्जवालं, पाण्याशी जमणारं. ही साधी माळ. दुसऱ्या, सिकलच्या माळेत सगळं तेच फक्त सहावा पिवळा, व्हॅलिन, चार्ज नाही न पाण्यापासून लांब राहणारं. दोन्ही माळा बाकाबाकावर फिरवा, फरक पोरांनाच शोधू द्या, तोवर आपण गप राहायचं.

मग फळ्यावर सिकलच्या हिमोग्लोबिनचे चार गोळे, दोन अल्फा दोन बीटा. बीटावर व्हॅलिनचं टेंगूळ काढा. ऑक्सिजन सुटला की शेजारच्या रेणूच्या बीटावर एक खाच मोकळी होते, हे टेंगूळ त्यात जाऊन बसतं, असं रेणूला रेणू जुळत लांब दोऱ्या होतात न गोल पेशी ताणून विळ्यासारखी होते. हे एकेक टप्प्यानंच काढा, तयार चित्र प्रोजेक्टरवर टाकलं की पोरं मोबाईलवर फोटो घेतात न परत बघतच नाहीत. प्रत्येक टप्प्याला थांबून पुढचं चित्र वहीत काढायला लावायचं, चुकलं तरी चालते.

आता खरं स्ट्रक्चर. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाइन साठा, १९७१ पासून आहे, फुकट आहे, साधं हिमोग्लोबिन ४एचएचबी न सिकलचं २एचबीएस, कोड इंग्रजी अक्षरात टाकायचा. कॉलेजात रेंज मिळेल न मिळेल, घरूनच स्क्रीन रेकॉर्डिंग करून न्या. रिबन, म्हणजे साखळी पट्टीसारखी दाखवणारं चित्र, दाखवताना हे सांगाच की रेणूत खरी पट्टी नसते, ती चित्राची पद्धत आहे, प्रोटीनच्या रचनेच्या अभ्यासक जेन रिचर्डसन यांनी १९८१ मधे अशी चित्रं हाताने काढून ती रूढ केली. रंगपण आपणच दिलेले.

एक गोष्ट जपा. कोणाच्या घरी सिकलसेल आहे का असं वर्गात विचारू नका. मी एकदा विचारलं न एक पोरगी पुढं आठवडाभर आली नाही, ते मला अजून लागतं.

शेवटी जेलचे (ज्यात वीज लावून प्रोटीन सरकवतात न वेगळे पट्टे दिसतात) तीन रिकामे रकाने वहीत काढायला लावा, एए म्हणजे साधं, एएस म्हणजे एक साधं एक सिकल जीन असलेला वाहक, एसएस म्हणजे दोन्ही सिकल. १९४९ मधे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या गटानं दाखवलं होतं की सिकलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळं सरकतं. दोन बीटा म्हणजे दोन निगेटिव्ह चार्ज कमी, म्हणून अल्कलाइन बफरमधे प्लसकडे जाताना ते मागं राहतं, पण हे आधी सांगू नका, पट्टे पोरांनाच काढू द्या. एएसच्या रकान्यात ज्यानं दोन पट्टे काढले त्याला दोन्ही माळा हातात देऊन विचारा, दोन का?