आईचा कॅनडा व्हिसा रिजेक्ट झाला, परत भरण्याआधीची तयारी

रिजेक्शनचा मेल आला त्या दिवशी आई काहीच बोलली नाही, कॅनडात असलेल्या ताईच्या होणाऱ्या बाळासाठी शिवत होती ती दुपटी घडी करून कपाटात ठेवली, बस. मला इतकं वाईट वाटलं की त्याच रात्री परत अर्ज भरायला बसलो होतो. बरं झालं भरला नाही. व्हिजिटर व्हिसाला पुन्हा अर्ज करायला थांबायची सक्ती नसते, पत्रात वेगळं लिहिलं नसेल तर दुसऱ्या दिवशीही करता येतो, पण तेच कागद टाकले तर उत्तरही तेच येणार आणि १०० कॅनेडियन डॉलर फी परत मिळत नाही. बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, फोटो) मात्र १० वर्षं चालतं, त्याचे ८५ डॉलर पुन्हा नाहीत.

म्हणून आधी नकार का आला ते शोधा. पत्रात त्यांच्या इमिग्रेशन नियमांचं कलम १७९ (ब), इंग्रजीत 179(b), लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, मुक्काम संपल्यावर ही व्यक्ती परत जाईल हे अधिकाऱ्याला पटलं नाही. ते पत्र बरेचदा ठरावीक साच्यातलं असतं, नेमकं काय खटकलं ते अधिकाऱ्याच्या नोट्समध्ये असतं, जीसीएमएस नोट्स म्हणतात त्यांना. ताई तिकडेच आहे, तिने आईच्या सहीचं संमतीपत्र लावून ५ डॉलरमध्ये मागवल्या, महिनाभर तरी धरून चाला. आमच्यात दोन गोष्टी निघाल्या, खात्यात अचानक आलेले पैसे आणि भेटीचं कारण मोघम.

पैशांची चूक माझी. अर्जाच्या दहा दिवस आधी मी आईच्या खात्यात ४ लाख टाकले, एजंट म्हणाला बॅलन्स चांगला दिसला पाहिजे. दिसला, पण कुठून आला ते कुठेच लिहिलं नव्हतं. आता आईची स्वतःची एफडी, दर महिन्याला जमा होणारं पेन्शन दिसणारं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) कॉपी, एवढंच. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, पेन्शन हाच तिचा सगळ्यात भक्कम कागद आणि पहिल्या वेळी तोच लावला नव्हता! खर्च ताई करणार असेल तर तिची पे स्लिप, नोकरीचं पत्र वेगळं.

मग परत येण्याचं कारण. बाबा कोपरीच्या घरीच राहणारेत, ते स्पष्ट लिहायचं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा), गावचा सातबारा. यातलं जे मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही (मी करून ठेवलं होतं, फुकट गेलं), आणि भाषांतरकार सर्टिफाइड नसेल तर त्याचं अ‍ॅफिडेव्हिट हवं.

ताईच्या इन्व्हिटेशन लेटरमध्ये आधी फक्त "फॅमिली व्हिजिट" होतं. आता डिलिव्हरीची तारीख लिहिलेलं तिच्या डॉक्टरांचं पत्र, आई कुठे राहणार, खर्च कोणाचा, जायची यायची तारीख, ताईचं पीआर कार्ड (तिथल्या कायम वास्तव्याचं). पाच महिन्यांऐवजी दहा आठवडे मागितलेत कारण तेवढंच खरं आहे, आईला गौरी-गणपतीला घरी यायचंच आहे.

फॉर्ममध्ये आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेलाय का असं विचारतात, तिथे "हो" लिहायचं, अर्जाचा नंबर आणि तारीख द्यायची. कोणी म्हणालं लपवा, तर अजिबात ऐकू नका, खोटी माहिती पकडली गेली तर ५ वर्षं बंदी येते. सोबत एक पानाचं पत्र, मागच्या वेळी काय कमी होतं आणि आता कुठला कागद त्यासाठी लावलाय, त्या ४ लाखांसकट.

शेवटी सगळा फॉर्म प्रिंट काढून ज्याचा अर्ज आहे त्यालाच वाचायला द्या. काल आईने चष्मा लावून ओळ न ओळ वाचली आणि रिटायरमेंटचं वर्ष चुकलेलं तिनेच पकडलं. ते दुरुस्त केलंय, आज रात्री ताईचा फोन झाला की सबमिट.