मॉड्यूलला लागणारी पर्लची किमान आवृत्ती लिहिताना या चुका टाळा

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं मॉड्यूल आपल्या मशीनवर चालतं, सगळ्या टेस्ट पास होतात, आपण ते सीपॅनवर, म्हणजे पर्ल मॉड्यूल्सच्या सार्वजनिक संग्रहावर टाकतो. आणि मग तिथली मॉड्यूल्स तपासणाऱ्या टेस्टर्सकडून फेल रिपोर्ट येऊ लागतात, सगळे जुन्या पर्लवरचे. माझ्या एका मॉड्यूलचं असंच झालं. दोष एका अक्षराचा होता: सब्स्टिट्यूशनच्या (मजकुरात शोधून बदल करणाऱ्या s/// च्या) शेवटी लावलेला आर. ही सोय पर्ल ५.१४ पासूनची, आणि पर्लची किमान आवृत्ती मी कुठेच लिहिली नव्हती. अशा वेळी जुन्या पर्लवाल्याला नुसता सिंटॅक्स एरर दिसतो आणि मॉड्यूलच मोडकं आहे असं त्याला वाटतं.

नेहमीची चूक म्हणजे 'यूज ५.०१४' (किमान पर्ल ५.१४ हवं) ही ओळ फक्त मॉड्यूलच्या फाइलमध्ये लिहिणं. तिथे ती हवीच, तीही अगदी वर, म्हणजे नवं सिंटॅक्स वाचण्याआधीच पर्ल थांबेल. पण इन्स्टॉलर बघतो मेकफाइल.पीएल ही इन्स्टॉलची स्क्रिप्ट आणि मॉड्यूलची माहिती देणारी मेटा फाइल. इन्स्टॉलची तयारी करायला मेकमेकर हे साधन वापरत असाल तर मिन_पर्ल_व्हर्जन द्या, मॉड्यूल::बिल्ड हे दुसरं साधन असेल तर रिक्वायर्समध्ये पर्ल लिहा. मेकमेकरला हा पॅरामीटर ६.४८ पासून कळतो. त्याआधीचा मेकमेकर वॉर्निंग देऊन पुढे जातो. म्हणून मी मेकफाइल.पीएलच्या पहिल्या ओळीतही 'यूज ५.०१४' लिहितो. मग टेस्टरकडून फेलऐवजी एनए (म्हणजे 'इथे लागू नाही') येतं, आणि माणसाला खरं कारण कळतं.

आकडा लिहिताना फार जण फसतात. 'यूज ५.१०' म्हणजे पर्लच्या लेखी ५.१००.०, कारण दशांश चिन्हानंतर तीन-तीन अंकांचे गट धरले जातात. ५.१० हवं असेल तर ५.०१० लिहा.

'असू दे वरचा आकडा' म्हणून ५.०३६ टाकू नका. ५.०१२ पासून या ओळीनेच स्ट्रिक्ट (कोडचे कडक नियम) लागू होतं, ५.०३६ ने वॉर्निंग्ज आणि सिग्नेचर्सही (सबच्या, म्हणजे फंक्शनच्या, कंसात पॅरामीटरची नावं लिहिण्याची सोय) चालू होतात. जुन्या कोडमध्ये सबच्या नावापुढे कंसात प्रोटोटाइप (आर्ग्युमेंट कशी घ्यायची हे सांगणारी चिन्हं) असेल, तर तो सिग्नेचर म्हणून वाचला जातो आणि चालणारा कोड बंद पडतो.

पर्लसोबत येणाऱ्या लिस्ट::यूटिल मॉड्यूलमधल्या 'एनी' या फंक्शनसाठी काही जण ५.०२० मागतात. खरं तर हवं असतं लिस्ट::यूटिल १.३३, आणि ते जुन्या पर्लवरही वेगळं इन्स्टॉल होतं. तेव्हा मेकफाइल.पीएलमधल्या प्रीरेक_पीएममध्ये (लागणाऱ्या मॉड्यूल्सच्या यादीत) तेवढंच लिहा. उगाच पर्लची अट वाढवली की ज्याला सर्व्हरवरचं पर्ल बदलता येत नाही, तो अडकतो.

नेमका आकडा काढायला पर्ल::मिनिममव्हर्जनसोबत येणारी पर्लव्हर ही कमांड चालवा. ती फक्त तुमचा कोड वाचते, डिपेंडन्सी (तुमच्या मॉड्यूलला लागणारी इतर मॉड्यूल्स) पाहत नाही. म्हणून पर्लब्रूने (वेगवेगळ्या आवृत्त्यांची पर्ल बसवणाऱ्या साधनाने) पर्लची तीच आवृत्ती बसवा, सगळ्या डिपेंडन्सी नव्याने इन्स्टॉल करा आणि टेस्ट चालवा. एखाद्या डिपेंडन्सीने पुढच्या रिलीजमध्ये आपली अट ५.१६ केली, की तुमचं ५.०१४ खोटं ठरतं. त्यामुळे ही फेरी प्रत्येक रिलीजआधी करावी लागते.