कायदा केंद्राचा की राज्याचा, हे राज्यघटनेत कसे शोधावे

एखाद्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा की राज्य विधिमंडळाचा, असा वाद निघाला की भारतीय राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी. प्रत मात्र अद्ययावत हवी, कारण शिक्षण आणि वने हे विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेले आणि त्याआधीच्या पुस्तकांत ते जुन्याच जागी सापडतात. अनुच्छेद २४६ नुसार संघ सूचीवर संसद, राज्य सूचीवर विधिमंडळ आणि समवर्ती सूचीवर दोघेही कायदे करतात. तिन्ही सूच्यांत न बसणारा विषय अनुच्छेद २४८ मुळे संसदेकडे जातो.

विषय सूचीत सापडला की बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. नोंद शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी. राज्य सूचीतील सतराव्या नोंदीत पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, निचरा, बंधारे, जलसाठे आणि जलशक्ती असे सारे येते, त्यामुळे पाणी सर्वस्वी राज्याचे असा समज होतो. परंतु ही नोंद संघ सूचीतील छप्पन्नाव्या नोंदीच्या अधीन आहे, असे तिच्या अखेरीस म्हटले आहे. ती नोंद काढून पाहिली, तर आंतरराज्यीय नद्या व नदीखोरी यांचे नियमन आणि विकास लोकहितासाठी संघाच्या नियंत्रणाखाली असणे जितके इष्ट असल्याचे संसद कायद्याने जाहीर करील, तितकाच अधिकार संघाकडे जातो, हे लक्षात येते. ‘जितके’ आणि ‘तितकाच’ या मर्यादेत संघराज्याचा सारा तोल सामावला आहे, असे मला वाटते. दोन राज्यांत पाणीवाटपाचा तंटा असेल, तर अनुच्छेद २६२ आणि १९५६ चा आंतरराज्यीय नदी जलविवाद कायदाही सोबत वाचावा.

एकच कायदा दोन सूच्यांना स्पर्श करीत असेल, तर त्याचा मूळ गाभा कोणत्या सूचीत बसतो ते पाहावे. मुंबई प्रांताचा १९४९ चा दारूबंदी कायदा देशात होणाऱ्या मद्याच्या आयातीवर, म्हणजे केंद्राच्या विषयावर, अतिक्रमण करतो, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात तो फेटाळला, कारण कायद्याचा गाभा मादक पेयांचे नियंत्रण हा होता आणि आयातीवरचा परिणाम आनुषंगिक होता.

समवर्ती विषयावर दोन्ही कायदे असून त्यांच्यात विसंगती असेल, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला असेल आणि त्याला त्यांची अनुमती मिळाली असेल, तर तो त्या राज्यात टिकतो. मात्र संसद पुढे नवा कायदा करून तोही बदलू शकते.

अपवादही तपासावेत. राज्यसभेने उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने ठराव केल्यास अनुच्छेद २४९ खाली संसद राज्य सूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. दोन किंवा अधिक राज्यांनी मागणी केल्यास अनुच्छेद २५२ लागू होतो. जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा याच मार्गाने आला.

शेवटी अंमलबजावणी कोणाकडे आहे ते वेगळे पाहावे. समवर्ती विषयावर कायदा संसदेचा असला, तरी घटनेत किंवा संसदेच्या कायद्यात स्पष्ट तरतूद नसेल, तर अनुच्छेद ७३ नुसार त्याचा कार्यकारी अधिकार राज्याकडेच राहतो. तेव्हा तक्रारअर्ज दिल्लीला पाठवण्याआधी त्या कायद्यात ‘समुचित शासन’ म्हणून कोणाला नेमले आहे, ते व्याख्यांच्या कलमात पाहून घ्यावे.