क्षमा करताना या चुका टाळा

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असे म्हणतो. येथे क्षमेसाठी हिशेबाचा शब्द आला आहे. क्षमा करूनही मन मोकळे होत नाही, अशी ज्यांची तक्रार असते, त्यांची अडचण बहुधा याच हिशेबात सापडते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘मला काही वाटले नाही’ असे म्हणून दुखावल्याचेच नाकारणे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातील दाखल्यात निष्ठुर चाकर राजाचे दहा हजार तालांत देणे लागत होता. राजाने ते सोडले, पण त्याने सोबतीच्या चाकराला त्याचे देणे सोडले नाही. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. त्यापुढे सोबतीच्या चाकराकडचे शंभर दीनार अगदीच थोडे ठरतात हे खरे, तरीही ती तीन महिन्यांहून अधिक दिवसांची कमाई होती. आपले नुकसान शून्य आहे, असे प्रभू म्हणत नाही. जे येणे आपण मान्यच केले नाही, ते सोडणार तरी कसे? म्हणून आपण नेमके काय गमावले, मान की पैसा की वर्षानुवर्षांचा विश्वास, हे आधी देवापुढे स्पष्ट शब्दांत मांडावे आणि मगच ते सोडावे.

दुसरी चूक आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, इतकी रुळली आहे की ती चूक वाटतही नाही. दुखावणाऱ्याचे नाव ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चार घरी पोहोचते आणि ज्याच्याशी बोलायचे तो तेवढा राहून जातो. त्याच अध्यायात प्रभूने आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत न्यावे आणि मंडळीला शेवटी कळवावे, असा क्रम घालून दिला आहे.

क्षमा केली म्हणजे न्यायही सोडला, हा गैरसमज तर घातक आहे. 1999 च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप व तिमथी, यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा येथील कुष्ठरुग्णांची सेवाही सुरू ठेवली. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. घरी मार खाणाऱ्या बहिणीला ‘क्षमा कर आणि परत नांदायला जा’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा भेद जरूर ध्यानात घ्यावा. क्षमा एकट्यानेही करता येते, पण तुटलेला विश्वास समोरच्याच्या पालटलेल्या वागण्यावरच पुन्हा उभा राहतो. ज्या भावांनी त्याला विकले होते, त्यांना योसेफानेसुद्धा लगेच ओळख दिली नाही. धाकटा भाऊ बन्यामिनाच्या जागी त्यांच्यातला यहूदा स्वतः दास व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफाला रडू आवरले नाही.

जुनी आठवण पुन्हा सलू लागली की आपली क्षमा खोटी होती, असे समजून पुष्कळ जण खचतात. भावाला किती वेळा क्षमा करावी, असे विचारणाऱ्या पेत्र या शिष्याला प्रभूकडून मिळालेले ‘साताच्या सत्तर वेळा’ हे उत्तर आपण नव्या अपराधांपुरतेच वाचतो. माझ्या मते ते त्याच एका अपराधालाही लागू पडते. ती व्यक्ती रविवारच्या उपासनेत पुढच्या बाकावर दिसली आणि छातीत कळ आली, तर तिथेच बसून ‘प्रभू, हे येणे मी सोडले आहे’ असे पुन्हा म्हणावे.