व्हेनेटोक्लॅक्स-अ‍ॅझासायटिडिन सुरू होण्याआधी

फाइल, रिपोर्ट, कपडे सगळेच घेतात. आधी हातात घ्या ती औषधांची यादी. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) आणि वय झालेलं, कडक केमो झेपणार नाही म्हणून व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आणि अ‍ॅझासायटिडिनची इंजेक्शनं ठरली असतील, तर चालू असलेली एकूण एक गोळी कागदावर हवी. बीपीची, हृदयाची, आणि बुरशीच्या संसर्गावरची. बुरशीवरचीच मागच्या वेळी आमच्याकडून राहिली होती. पोसाकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध घेत असताना व्हेनेटोक्लॅक्स शरीराबाहेर लवकर पडत नाही, रक्तात साठत जातं. म्हणून एरवीचा ४०० मिलिग्रॅमचा डोस तेव्हा ७० वर आणतात. पाचव्या हिश्श्याहूनही कमी! ‘डॉक्टरांना माहीत असेलच’ असं धरून चालू नका. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. औषध नवं सुरू झालं तर सांगा, बंद झालं तरी सांगा, कारण डोस पुन्हा बदलतो. ग्रेपफ्रूट आणि स्टारफ्रूटही बंद.

पहिले तीन दिवस डोस १००, २००, ४०० असा चढतो (बुरशीचं औषध चालू असेल तर आकडे वेगळे, परत विचारा). कॅन्सरच्या पेशी भराभर फुटल्या की पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून पांढऱ्या पेशी आधी २५,००० च्या खाली आणतात, युरिक अ‍ॅसिड कमी ठेवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल देतात, वारंवार रक्त तपासतात. पाणी भरपूर, हृदय कमजोर असेल तर किती, ते विचारून.

गोळी जेवणानंतर, रोज ठरल्या वेळी, अख्खी गिळायची. उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा नाही. विसरली आणि आठ तासांच्या आत आठवली तर घ्या, नाहीतर सोडा.

इंजेक्शनं सात दिवस, २८ दिवसांच्या फेरीत. सुट्टीच्या दिवशी कोण देणार, हे आधीच ठरवा. अपेक्षा काय ठेवायची, तेही स्पष्ट विचारा: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या अ‍ॅझासायटिडिनवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, निम्मे कमी) ९.६ महिने होतं, दोन्ही औषधांच्या जोडीवर १४.७.

थर्मामीटर. ताप ३८ अंश सेल्सियस झाला की रात्र असो, निघा. पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. आणि तिथे इमर्जन्सीत बुरशीचं औषध सुरू केलं, तर आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन.

बद्धकोष्ठाचं औषध मागून ठेवा. पहिल्या फेरीच्या शेवटी बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी. रक्तातल्या पेशी कमी असल्या तर पुढची फेरी लांबते, तशी तारीख मोकळी ठेवा.